कव्हरच्या आतली नावं

डोनाल्ड फेगन दहा वर्षांचा झाला त्या सुमारास त्याच्या आईवडिलांनी न्यू जर्सीत केंडल पार्क नावाच्या वसाहतीत घर घेतलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत अशा वसाहती भराभर उभ्या राहत होत्या. एका छापाची घरं, एका मापाची अंगणं, आणि सावली धरायला झाडं अजून वाढायची होती. मुलाला तिथे कोंडून घातल्यासारखं झालं. मोठेपणी त्याने हे मुलाखतींत सांगितलं, स्वतःच्या पुस्तकात लिहिलंही. सुटका रेडिओने केली. रात्री उशिरा न्यूयॉर्कच्या केंद्रांवर जॅझ लागायचं, ते तो ऐकत पडायचा. थोडा मोठा झाल्यावर बस पकडून मॅनहॅटनच्या क्लबांत जायला लागला आणि थेलोनियस मंक, चार्ल्स मिंगस अशा लोकांना अगदी समोर बसून ऐकू लागला.

१९६५ साली अमेरिकेने देशवार कोट्यांचा जुना कायदा बदलला आणि आपल्याकडच्या इंजिनिअर-डॉक्टरांची तिकडे रीघ लागली. माझे काका त्यातले. माटुंग्याच्या व्हीजेटीआयची डिग्री, काही वर्षं ठाण्याच्या कारखान्यात नोकरी, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला न्यू जर्सी. त्यांचं पहिलं भाड्याचं घर केंडल पार्कपासून गाडीने फार लांब नव्हतं. "आज एडिसनच्या ओक ट्री रोडवर तुला भाकरीचं पीठसुद्धा मिळतं," काका सांगतात, "आम्ही गेलो तेव्हा हिंगाच्या डबीसाठी न्यूयॉर्क गाठायचो." ज्या भागातून फेगन जीव घेऊन पळाला होता, त्याच भागात काका हौसेने संसार मांडायला गेले. फेगनच्या रेकॉर्डशी त्यांची गाठ पडली ती १९७७ च्या हिवाळ्यात. रेकॉर्ड होती 'स्टीली डॅन'ची 'एजा'.

'स्टीली डॅन' म्हणजे खरं तर दोनच माणसं. फेगन पियानोवर आणि गाणारा, वॉल्टर बेकर गिटार आणि बेसवर. १९६७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बार्ड कॉलेजात दोघं भेटले. दोघांनाही जॅझचं वेड आणि दोघांचंही वाचन दांडगं. सुरुवातीला त्यांचा रीतसर बँड होता, पण १९७४ मध्ये त्यांनी दौरे बंद केले आणि स्टुडिओतच मुक्काम ठोकला. गाणी दोघांनी रचायची, निर्माता गॅरी कॅट्झ, आणि ज्या गाण्याला जो शोभेल तो वादक त्या गाण्यापुरता बोलवायचा. मनासारखं जमलं नाही तर तेच गाणं दुसऱ्या दिवशी वेगळ्या वादकांचा ताफा आणून पुन्हा वाजवून घ्यायचं. 'एजा' २३ सप्टेंबर १९७७ ला बाजारात आली. सात गाणी, साधारण चाळीस मिनिटं. त्या वर्षी लंडनमध्ये पंकचा धुमाकूळ चालू होता, अमेरिकेत डिस्को जोरात होता. 'एजा'त नाच नाही, आरडाओरडा नाही, अवघड स्वरसंगती ठासून भरलेल्या, आणि एक गाणं तर आठ मिनिटांचं. तरीही ही रेकॉर्ड अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढली.

काकांनी त्यातलं 'पेग' ऑफिसला जाताना गाडीच्या रेडिओवर ऐकलं. त्यांची प्रतिक्रिया मी इतक्यांदा ऐकली आहे की ती मला पाठ आहे: "मला वाटलं, हे कोणीतरी आपल्या धोबीतलावचं वाजवतंय."

हे कळायला काकांचं लहानपण कळायला हवं. आमचं जुनं बिऱ्हाड धोबीतलावच्या मागच्या गल्लीतल्या चाळीत होतं. समोरच्या इमारतीत गोव्यातल्या एका गावचा कुड होता. कुड म्हणजे गावकऱ्यांनी मिळून चालवलेली मुंबईतली राहण्याची जागा. बोटीवर चढायच्या आधी खलाशी तिथे उतरायचे, नोकरीच्या शोधातले तरुण राहायचे, आणि वाजवणारे राहायचे. भिंतीला लागून ट्रंका, कोपऱ्यात वेदी, संध्याकाळी सगळ्यांची मिळून प्रार्थना. त्या कुडात एक सॅक्सोफोनवाले होते. काका आणि चाळीतली सगळी मुलं त्यांना अंकल म्हणत, तेव्हा मीही अंकलच म्हणतो.

अंकल गोव्यात चर्चच्या शाळेत नोटेशन शिकले. पोर्तुगीजांच्या काळापासून गावोगावच्या या शाळांमध्ये मुलांना अक्षरओळखीबरोबर स्वरलिपीही शिकवत, व्हायोलिन हातात देत. त्यामुळे गोव्याचा माणूस कागद पुढे ठेवला की वाजवू शके, आणि त्या जोरावर पलटणींचे बँड, मूकपटांची थिएटरं, हॉटेलं अशी सगळीकडे त्याला मागणी होती. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला, मागोमाग पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला, आणि गोव्याच्या पोरांनी या लोकांच्या शेजारी बसून जॅझ उचललं. अंकल त्यांच्या पुढच्या पिढीतले. हॉटेलांत बस्तान बसतं न बसतं तोच मुंबई राज्यात दारूबंदी आली. १९४९ चा कायदा. दारू गेली, तसं नाचणारं गिऱ्हाईक गेलं, बँड मोडले. वाजवणारे चालत निघाले ते दादर, महालक्ष्मी, ताडदेवच्या सिनेमाच्या स्टुडिओंकडे.

तिथे त्यांनी काय केलं ते आपण सगळे रोज ऐकतो, फक्त ते त्यांचं म्हणून ऐकत नाही. संगीतकार चाल गुणगुणायचा. ती कागदावर उतरवायची, पन्नास वाद्यांत वाटायची, मधल्या जागा भरायच्या, हे काम सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्व्हिस, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्यांचं. आपल्या सी. रामचंद्रांनी १९५१ च्या 'अलबेला'त जो झोकदार स्विंग आणला, त्यात चिक चॉकलेट या ट्रम्पेटवाल्या गोंयकाराचा मोठा हात होता. अंकलही अशाच ताफ्यांत बसत. मुखडा आणि अंतरा यांच्या मधे चार मात्रा, आठ मात्रा. तेवढ्यात जे सांगायचं ते सांगून टाकायचं. रेकॉर्डवर संगीतकाराचं नाव, गीतकाराचं नाव, गायकाचं नाव. अंकलना त्यांचे तुकडे दाखवता यायचे, रेडिओवर गाणं लागलं की ते बोट वर करून म्हणायचे, "हांव," मी. पण छापलेलं काही नाही.

काकांनी अंकलकडे सॅक्सोफोन शिकायचं ठरवलं होतं. अंकलनी अट घातली: सहा महिने वाद्याला हात लावायचा नाही, तोंडाने स्वर म्हणायचे, टाळी देऊन मात्रा मोजायच्या. काकांनी ते केलं. मग मॅट्रिक आली, मग व्हीजेटीआय. वाद्य हातात आलंच नाही, पण कान तयार झाले. रात्री दोघं शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिकेचा जॅझचा कार्यक्रम ऐकायचे. विलिस कोनोव्हर तो सादर करायचा, मुद्दाम सावकाश, सोप्या इंग्रजीत, कारण ऐकणारे जगभरचे होते. खरखरीतून आवाज आला की अंकल वादकाचं नाव सांगायचे, आणि मग कोनोव्हर तेच नाव सांगायचा. काका म्हणतात, त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा चमत्कार तो होता.

१९६३ साली ड्यूक एलिंग्टन आपला वाद्यवृंद घेऊन भारतात आला, मुंबईतही वाजवून गेला. अमेरिकन सरकारनेच ती सफर काढली होती. नोव्हेंबरात केनेडींचा खून झाला आणि दौरा तुर्कस्तानात आवरता घेतला. अंकलच्या तोंडी त्या मैफलीच्या गोष्टी अखंड असत. वाद्यवृंदात टेनर सॅक्सोफोनवर पॉल गोन्साल्व्हिस होता. १९५६ च्या न्यूपोर्ट महोत्सवात एका दमात सत्तावीस आवर्तनं वाजवून लोकांना खुर्च्यांवर उभं करणारा तोच. त्याचे आईवडील केप व्हर्देचे. पण आडनाव गोन्साल्व्हिस, त्यामुळे कुडात तो आपलाच पाहुणा ठरला. अंकलना मात्र दुसरीच एक गोष्ट सांगायची असे. एलिंग्टन वादकांसाठी कागद लिहायचा त्यावर 'अल्टो', 'दुसरा ट्रम्पेट' असं लिहिण्याऐवजी माणसाचं नाव घालायचा. सूर कोणाच्या ओठांतून निघणार, हे ठरल्यावरच तो सूर लिहायचा. "वाद्याखातीर नाका बरोवंक, मनशाखातीर बरय," असं अंकल म्हणत. वाद्यासाठी लिहू नको, माणसासाठी लिही.

'एजा' घेऊन काका मुंबईला आले तेव्हा मी शाळेत होतो. साड्या-शर्टांच्या मधे नीट गुंडाळून आणलेली ती रेकॉर्ड त्यांनी सामान उघडल्या उघडल्या काढली आणि माझ्या हातात कव्हर देऊन मला समोरच्या इमारतीत चालवलं. कव्हर जवळजवळ सगळं काळं. त्या काळोखातून एका जपानी बाईचा अर्धामुर्धा चेहरा आणि तिच्या कपड्याची लाल-पांढरी कड. ती मॉडेल सायोको यामागुची, फोटो हिदेकी फुजीईचा, हे मला खूप नंतर कळलं. अंकल तोवर थकले होते. वाजवणं जवळपास बंद होतं. त्यांनी पुढच्या चित्राकडे पाहिलंही नाही. चष्मा पुसला, कव्हर उघडलं आणि आतला मजकूर वाचायला लागले. प्रत्येक गाण्याचे शब्द, आणि त्या त्या गाण्यात कोण काय वाजवतो त्याची नावं. ड्रम्स हा, बेस हा, इलेक्ट्रिक पियानो हा, मागे गाणारे हे. शीर्षकगीताशी त्यांचं बोट थांबलं. "वेन शॉर्टर? माइल्सचो?" काका हो म्हणाले. "आनी विक्टर फेल्डमन!" शॉर्टर म्हणजे माइल्स डेव्हिसकडचा सॅक्सोफोनवाला; फेल्डमनही डेव्हिसबरोबर वाजवलेला माणूस, इथे तालवाद्यांवर. मग अंकल बराच वेळ काही बोलले नाहीत. एकेक नाव वाचत राहिले. त्यानंतर म्हणाले, "सगळ्यांचीं नांवां बरयल्यांत रे, बाबा." मग त्यांनी सुई ठेवली.

ती संध्याकाळ मला पक्की आठवते, पण तेव्हा मला संगीत कळलं नव्हतं. नंतर वर्षानुवर्षं ऐकत राहिलो तेव्हा कुठे अंकल त्या नावांपाशी का अडले ते उमगलं. बेकर आणि फेगन यांनी जॅझ वाजवलेलं नाही. त्यांनी रॉकची गाणी लिहिली, मुखडा-कडवं असलेली, मोजून मापून; आणि त्या चौकटीत अशा जागा ठेवल्या की तिथे जॅझचाच माणूस लागेल. कोण लागेल हे ठरवणं हाच त्यांच्या रचनेचा अर्धा भाग. स्टीली डॅनने १९७४ च्या 'प्रेट्झेल लॉजिक'मध्ये एलिंग्टनची एक जुनी रचना वाजवली होती, हे मला पुढे कळलं तेव्हा नवल वाटलं नाही.

त्यांच्या स्वरसंगतीचंच बघा. दोघांची एक आवडती कॉर्ड होती, तिला त्यांनी स्वतःच 'म्यू मेजर' असं नाव दिलं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर सा-ग-प ही सरळ, उजळ संगती, त्यात रे मिसळायचा, तोही गंधाराला अगदी खेटून. रे आणि ग एकदम वाजले की थोडी कुरबुर होते. संगती आनंदीच राहते, पण निर्धास्त राहत नाही. 'एजा'भर हा रंग आहे. त्यावर फेगनचा पातळ, काहीसा नाकातला आवाज. गाणारा म्हणून तो थोर नाही. या गाण्यांतली माणसं मात्र हुशार, एकटी, आपल्याच स्वप्नांत रमलेली; त्यांच्या तोंडी दुसरा आवाज शोभला नसता.

'पेग' रचनेने ब्लूजच आहे, बारा मात्राखंडांचा, फक्त त्याला इतकी चकचकी दिलेली की पटकन ओळखू येत नाही. त्यातल्या गिटारच्या तुकड्यासाठी एकामागून एक नामवंत वादक येऊन गेले आणि प्रत्येकाचं काम बाजूला ठेवलं गेलं. शेवटी जे ग्रेडनने वाजवलेलं उतरलं. मागचे सूर मुख्यतः मायकेल मॅकडोनल्डचे, थरावर थर चढवलेले. काकांना धोबीतलाव आठवला तो याच गाण्यात: कडव्याच्या मधे मोजकी जागा, आणि तेवढ्यात एक माणूस सगळं सांगून जातो.

'होम ॲट लास्ट'मध्ये ड्रम्सवर बर्नार्ड पर्डी आहे. रचनाकारांना नेहमीचा शफल नको होता, आणि पर्डीने त्यांना आपला ठेवणीतला शफल ऐकवला. आज जगभरचे ड्रमर तो त्याच्याच नावाने शिकतात. उजव्या हाताने तिहेरी चाल धरायची, मुख्य ठोका अर्ध्या लयीत द्यायचा, आणि मधल्या जागांत स्नेअरवर काठी नुसती टेकवत राहायची, इतकी हलकी की ते ठोके ऐकू येण्यापेक्षा जाणवतात. ते काढून टाकले तर गाणं जागच्या जागी बसेल. अंकलनी हे गाणं परत लावायला सांगितलं होतं. त्यांचा हात मांडीवर चालत होता, मुख्य ठोक्यावर नाही, त्या मधल्या टेकवण्यांवर. गाण्याला 'ओडिसी'चा आधार आहे: घराकडे निघालेला, मोहात पडू नये म्हणून डोलकाठीला बांधून घेतलेला खलाशी. बोटीवरच्या माणसांच्या कुडात ते गाणं वाजलं, हे आठवून मला आजही भरून येतं.

काकांचं गाणं 'डीकन ब्लूज'. उपनगरात राहणारा एक माणूस. सॅक्सोफोन शिकायचा, मनात येईल तेच वाजवायचं, जगाला हवं ते म्हणू द्यायचं, असं त्याचं स्वप्न. काका त्याबद्दल जास्त बोलत नाहीत. 'ब्लॅक काउ' आणि 'जोसी' उत्तमच आहेत. 'आय गॉट द न्यूज' मला इतरांच्या मानाने कोरडं वाटतं. त्यात कसब आहे, ओढ कमी आहे.

रेकॉर्डचा आवाज हा स्वतंत्र विषय. रॉजर निकोल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांना ध्वनिमुद्रणाचा ग्रॅमी मिळाला, आणि पुढे कित्येक वर्षं दुकानात स्पीकर पारखायला लोक हीच रेकॉर्ड घेऊन जात. प्रत्येक वाद्याला जागा आहे, कोणी कोणाच्या अंगावर येत नाही. ज्यांची नावं आत छापली आहेत त्यांतला प्रत्येक जण वेगळा ऐकू येतो. २०१० च्या यादीत अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने ती राष्ट्रीय ध्वनिसंग्रहात घेतली.

अंकलची एक गोष्ट राहिली. 'जॅझ यात्रा' या महोत्सवाची पहिली खेप १९७८ च्या सुरुवातीला मुंबईत झाली. निरंजन झवेरींनी ती भरवली, धोबीतलावच्या रंगभवनात, म्हणजे कुडापासून चालत जायच्या अंतरावर. अंकल तिथे सॅक्सोफोनवाल्या सोनी रॉलिन्सला ऐकून आले होते. 'एजा' ऐकताना त्यांनी शॉर्टरची तुलना रॉलिन्सशी केल्याचं काका सांगतात. ती काय होती हे मात्र दोघांपैकी कोणी मला नीट सांगितलं नाही. अंकल पुढे गोव्याला गेले आणि तिथेच वारले. बेकर २०१७ मध्ये गेला, शॉर्टर २०२३ मध्ये.

काका आणि मी फोनवर अजून भांडतो ते शॉर्टरवरूनच. मला शीर्षकगीतातला त्याचा तुकडा या रेकॉर्डचा माथा वाटतो. गाणं संथ चाललेलं असतं, शब्द थांबतात, आणि शॉर्टर लांब, सुटे सूर टाकत येतो, घाई नाही. खाली स्टीव्ह गॅडचे ड्रम्स हळूहळू उसळायला लागतात. गॅडने तो लांबलचक कागद पुढे ठेवून एक-दोन टेकमध्येच हे वाजवलं, असं वादकांत आजही सांगितलं जातं. दोघांचं मिळून एक वादळ उठतं, पण रचनेचे ठरलेले आघात बरोबर त्यांच्या जागी पडत राहतात. लिहिलेलं कुठे संपलं आणि सुचलेलं कुठे सुरू झालं, हे मला अजून शोधता आलेलं नाही. शेवटी शब्द संपल्यावर गॅड एकटा पुन्हा सुटतो आणि गाणं विरत जातं तरी त्याचे हात थांबत नाहीत.

काकांचा कौल 'डीकन ब्लूज'मधला सॅक्सोफोन वाजवणाऱ्या पीट ख्रिस्टलीबला. हा टीव्हीवरच्या जॉनी कार्सनच्या कार्यक्रमाच्या बँडमधला माणूस. एका रात्री शूटिंग आटोपून स्टुडिओत आला, वाजवलं, अर्ध्या तासात निघून गेला. "शॉर्टर कुठेही गेला तरी शॉर्टरच," काका म्हणतात, "त्याला लोक शोधत येतात. हा माणूस दिवसभर दुसऱ्याचं वाजवून आला होता. गाण्यातल्या त्या उपनगरातल्या माणसाला जे वाजवायचंय ते त्याने वाजवून दिलं आणि गाडी काढून घरी गेला. अंकल असते तर त्यांनी कोणाची बाजू घेतली असती, सांग."